उभ्या उभ्या म्हातारं होणारं विमान

कापडाचं विमान? हो, खरंखुरं, माणसं घेऊन उडणारं. जेआरडींनी कराचीहून मुंबईला टपाल आणलं ते असल्याच विमानातून. हे विमान आकाशात झिजतं त्याहून जास्त जमिनीवर झिजतं. ऊन त्याचं कापड खातं आणि बाहेरून काही कळतही नाही. मग ते जपायचं कसं? याचं निम्मं उत्तर नाशिकच्या शेतकऱ्याकडे आहे.

दिंडोरी तालुक्यात जानोरी-मोहाडीच्या रस्त्याला कधी गेला असाल, तर गुलाबाची पॉलिहाऊस पाहिली असतील. लांबून सगळी सारखीच दिसतात. जवळ गेलं की फरक कळतो. एखाद्याचा पेपर कडक, दुधट, नवा कोरा. शेजारच्याचा पिवळट पडलेला, कडेला फाटून लोंबणारा. मी एका काकांना सहज विचारलं, ‘वाऱ्यानं फाटला का हो?’ काका हसले. म्हणाले, ‘वारा शेवटी आला. पेपर त्याआधीच संपला होता, उन्हानं.’

त्यांनी लोंबणाऱ्या पेपरचा तुकडा हातात चुरगळला. पापडासारखा तुटला.

आता हाच प्रसंग जमिनीपासून दोन हजार फुटांवर डोळ्यांसमोर आणा. वाऱ्याच्या ताणाखाली असलेला तो पेपर पॉलिहाऊसचा नाही, विमानाच्या पंखाचा आहे. खाली गोदावरी दिसतेय आणि आत तुम्ही बसलाय.

कापडी विमान जपण्याची सगळी धडपड या एका भीतीतून आलेली आहे.

ओझरचं लोखंड, देवळालीचं कापड

नाशिककरांना विमान म्हटलं की ओझर आठवतं. १९६४ पासून तिथे एचएएलचा कारखाना आहे. मिग तिथे जोडली गेली, सुखोई तिथे तयार झाली. आवाजाच्या वेगाला मागे टाकणारी धातूची विमानं. त्यामुळे कापडाचं विमान म्हणजे राइट बंधूंच्या काळातली गोष्ट असं आपल्याला वाटतं.

पण ओझरकडून शहराच्या दुसऱ्या टोकाला या. देवळालीला तोफखान्याचं मोठं प्रशिक्षण केंद्र आहे. तोफ डागणाऱ्याला गोळा नक्की कुठे पडला ते दिसत नाही. ते बघायला एक छोटं, हळू उडणारं, कुठल्याही माळावर उतरू शकणारं विमान लागायचं. त्यात तोफखान्याचाच अधिकारी वैमानिक असायचा. वरून बघून तो रेडिओवर सांगायचा, ‘डावीकडे घ्या, अजून दोनशे यार्ड पुढे.’ या कामाला आधी ब्रिटिश बनावटीची ऑस्टर विमानं होती, नंतर एचएएलचं ‘कृषक’ आलं. दोन्हींच्या धडाला पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि वरून ताणून बसवलेलं कापड. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांतही ही विमानं होती. याच परंपरेतून १९८६ मध्ये लष्कराचं स्वतंत्र हवाई दल, म्हणजे आर्मी एव्हिएशन कोअर उभं राहिलं. त्याचं प्रशिक्षण केंद्र आज आपल्या गांधीनगरच्या धावपट्टीवर आहे. आता तिथे हेलिकॉप्टर घुमतात, पण त्या घराण्याचे पणजोबा कापडाचे होते.

आणखी एक गंमत ऐका. ‘कृषक’ ज्या विमानाचा मोठा भाऊ, ते ‘पुष्पक’ १९५८ मध्ये पहिल्यांदा उडालं. दोघं बसू शकतील असं छोटं विमान. देशभरातल्या फ्लाइंग क्लबांत एका पिढीनं त्यावर उडणं शिकून घेतलं. एचएएलमध्ये ही विमानं ज्यांच्या नेतृत्वाखाली घडली ते डॉ. विष्णू माधव घाटगे आपल्या कोल्हापूर जिल्ह्याचे. जर्मनीत लुडविग प्रांटल यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकून आलेले. जेटचा जमाना सुरू झालेला असताना त्यांनी क्लबच्या विमानासाठी कापड निवडलं, कारण ते हलकं, स्वस्त आणि दुरुस्तीला सोपं होतं. धातूच्या पत्र्याला पोचा पडला तर कारखाना गाठावा लागतो. कापड फाटलं तर शिवता येतं, ठिगळ लावता येतं.

आजही हे कापड गेलेलं नाही. हौशी उड्डाणासाठी वापरली जाणारी अनेक मायक्रोलाइट विमानं कापडाचीच असतात.

पंख म्हणजे ढोलकी

हे कापड विमानावर नुसतं टाकलेलं नसतं. पंखाचा सांगाडा लाकडाचा किंवा धातूचा. त्यात आडव्या फासळ्या, ज्यांना रिब म्हणतात. कापड या फासळ्यांवर ताणून बसवतात आणि मेण लावलेल्या दोऱ्यानं प्रत्येक फासळीला ठरावीक अंतरावर चक्क टाके घालतात. लांब सुई पंखाच्या वरून खाली, खालून वर. गादी शिवणारा कारागीर जसा आरपार टाका मारतो, साधारण तसंच. टाक्यांवर पुन्हा कापडी पट्टी चिकटवतात. तिच्या कडा नागमोडी कापलेल्या असतात, म्हणजे दोरे उसवत नाहीत.

उडताना पंखाच्या वरच्या बाजूला हवेचा दाब कमी असतो. त्यामुळे वरचं कापड सतत वर ओढलं जात असतं. तो ताण कापडाकडून टाक्यांकडे, टाक्यांकडून फासळीकडे जातो. म्हणजे विमान हवेत तोलून धरणाऱ्या साखळीची पहिली कडी हे कापडच असतं.

जुन्या काळी हे कापड लिननचं किंवा उत्तम सुती असायचं. त्यावर ‘डोप’ नावाचं द्रावण लावायचे. डोप वाळताना आकसतो आणि कापड ढोलकीच्या कातड्यासारखं ताणून धरतो. हा डोप सेल्युलोज नायट्रेटपासून बनायचा. आपल्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांच्या काळातली चित्रपटाची फिल्मही याच पदार्थाची असायची. ती फिल्म भस्सकन पेट घ्यायची, हे तुम्ही वाचलं असेल. डोपचाही स्वभाव तोच. म्हणून नंतर सावकाश पेटणारा ब्युटिरेट डोप आला. तरीही डोपच्या खोलीत आजही ठिणगीला मज्जाव असतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर पॉलिएस्टर आलं. ते इस्त्रीनं आकसतं. खरंच, कापड चिकटवल्यावर तापमान मोजलेल्या इस्त्रीनं ते टप्प्याटप्प्यानं ताणतात. साधारण १२० अंश सेल्सियसपासून सुरुवात करतात आणि पॉलिएस्टरच्या नेहमीच्या पद्धतींत १७७ अंशांच्या वर जात नाहीत. जास्त तापलं तर कापड सैल पडतं, कमकुवत होतं. घरच्या इस्त्रीच्या चकतीवर ‘कॉटन’ आणि ‘सिल्क’ लिहिलेलं असतं, त्या भरवशावर हे काम होत नाही.

ऊन नक्की काय करतं?

कापडाचा प्रत्येक धागा म्हणजे रेणूंच्या लांबच लांब साखळ्या. उन्हातले अतिनील किरण, ज्यांना आपण यूव्ही म्हणतो, या साखळ्यांवर आदळतात आणि त्या तोडतात. एक तुटली, दहा तुटल्या, लाख तुटल्या. कापड दिसायला तसंच राहतं, पण त्यातला दम जातो. सुती कापडाला याशिवाय बुरशी आणि ओल यांचाही त्रास. पॉलिएस्टरला बुरशी खात नाही, पण उघडं पॉलिएस्टर उन्हात ठेवलं तर ते वेगानं संपतं. ढगाळ दिवशी आपण निर्धास्त असतो, पण यूव्ही ढगांतूनही बऱ्यापैकी खाली येतात.

मग उपाय? आपल्याकडे जुन्या पत्र्याच्या शेडला चंदेरी रंग मारतात ना, तोच. डोपमध्ये ॲल्युमिनियमची अगदी बारीक पूड मिसळून कापडावर थर देतात. या पुडीचे कण चपटे असतात. वाळताना ते छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक बसतात आणि किरणांची वाट अडवतात. या चंदेरी थरावर मग शेवटचा लाल, पिवळा, निळा रंग येतो. म्हणजे विमानाला शोभा बाहेरचा रंग देतो आणि आयुष्य देतो तो आतला, कुणाला न दिसणारा चंदेरी थर.

तो पुरेसा जाड बसला का, हे बघायची युक्ती कुणालाही समजेल अशी आहे. अंधाऱ्या शेडमध्ये पंखाच्या आत तपासणीच्या भोकातून दिवा धरायचा आणि बाहेरून बघायचं. प्रकाश झिरपला तर यूव्हीही झिरपणार. जिथे उजेड दिसेल तिथे अजून एक थर द्यायचा. आणि जिथे तो अजिबात दिसत नाही, तिथे उगाच थर चढवायचे नाहीत, कारण प्रत्येक थराचं वजन विमानाला वाहून न्यावं लागतं. शिवाय जाड थर लवकर तडकतो.

हा थर अखंड असेल तर पॉलिएस्टर वर्षानुवर्षं टिकतं. थराला तडा गेला की त्या बारीक रेघेतून ऊन आत शिरतं आणि त्या रेघेखाली कापड मरायला सुरुवात होते. म्हणून डोपवरची रेघ हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही.

अर्धी गोण कांदा

आता खरी अडचण. बाहेरून रंग चकाचक आहे, आतलं कापड संपलेलं आहे. ओळखायचं कसं?

अमेरिकेच्या विमान वाहतूक यंत्रणेची, म्हणजे एफएएची, यासाठी जगभर वापरली जाणारी मार्गदर्शिका आहे. तिच्यातला हिशेब असा. पहिल्या दर्जाच्या नव्या सुती कापडाची एक इंच रुंदीची पट्टी किमान ८० पौंड, म्हणजे साधारण ३६ किलो वजन न फाटता पेलली पाहिजे. वापरात असताना ही ताकद ७० टक्क्यांच्या खाली गेली, म्हणजे ५६ पौंडांच्या खाली, की कापड बाद. ५६ पौंड म्हणजे सुमारे २५ किलो. लासलगावच्या बाजारात दिसणारी पन्नास किलोची कांद्याची गोण घ्या आणि ती निम्मी करा. तेवढं वजन इंचभर पट्टीनं पेललं तर विमान उडणार. नाही पेललं तर सगळं कापड उतरवून नवं चढवायचं.

रोज पट्टी कापून बघता येत नाही. म्हणून टोच्यासारखी छोटी यंत्रं असतात. त्यांचं टोक कापडावर दाबतात. आतली स्प्रिंग किती दाब लागला ते दाखवते. मायक्रोलाइटच्या शिडाच्या कापडासाठी सुई टोचून ती स्प्रिंगकाट्यानं ओढून बघतात. तपासणी कुठे करायची यालाही अक्कल लागते. पंखाच्या खालच्या बाजूला सावलीत राहिलेलं कापड हमखास पास होईल. खरी परीक्षा वरच्या बाजूला, आणि तीही सर्वांत गडद रंगाच्या पट्ट्यावर, कारण गडद रंग जास्त तापतो. मे महिन्यात काळ्या सीटच्या बाइकवर बसलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

जुहूचा चिखल आणि पुण्याचं बिऱ्हाड

ऊन झालं, आता पाऊस. इथे एक जुनी गोष्ट सांगायलाच हवी.

१५ ऑक्टोबर १९३२. जेआरडी टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. विमान ‘पस मॉथ’. धडाला पोलादी नळ्या आणि कापड, पंख लाकूड आणि कापडाचे. आत टपाल. टाटांच्या नियमित हवाई टपालसेवेची ही सुरुवात. पुढे हीच कंपनी एअर इंडिया झाली.

ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. कमी सांगितला जाणारा भाग पावसाळ्याचा आहे. जुहूचं तेव्हाचं मैदान म्हणजे समुद्राकाठची चिखलाची जमीन. पावसात ते पाण्याखाली जायचं. मग टाटांची ही इवलीशी विमान कंपनी आपली विमानं, मोजकी माणसं, हत्यारं असं सगळं बिऱ्हाड उचलून पुण्याला हलायची आणि पावसाळा तिथे काढायची. कंपनी नवी, विमानं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी. त्यातलं एक जरी चिखलात रुतलं किंवा भिजत कुजलं तर टपाल थांबणार. पस मॉथचे पंख मागे दुमडता यायचे, म्हणजे छोट्या शेडमध्येही ते मावायचं. कापडी विमान छपराखाली राहिलं पाहिजे, हे आराखडा काढणाऱ्यालाही ठाऊक होतं.

आणि जपलं तर काय होतं तेही जेआरडींनीच दाखवलं. १५ ऑक्टोबर १९८२ ला, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी कराची ते मुंबई हा प्रवास पुन्हा एकट्यानं केला. विमान होतं ‘लेपर्ड मॉथ’, म्हणजे १९३३ मध्ये पहिल्यांदा उडालेली जात. पंख कापडाचेच.

पाणी बाहेरून येतं, मुक्काम आत करतं

पावसाचं पाणी कापडावरून ओघळून जातं. त्रास होतो तो आत शिरलेल्या पाण्याचा आणि आतच जमणाऱ्या दमटपणाचा. म्हणून पंखाच्या आणि शेपटीच्या सर्वांत खालच्या कडेला बारीक भोकं ठेवतात, प्रत्येक दोन फासळ्यांच्या मधल्या कप्प्याला एक. पाणी निथळून जावं आणि हवा खेळावी म्हणून. आपण कुंडीला खाली भोक ठेवतो, तसंच.

ही भोकं बुजली की पुढचं सगळं ओळीनं होतं. पाणी साचतं, लाकूड कुजतं, पोलादी नळी आतून गंजते, सुती कापडाला बुरशी येते. भोकं बुजवतं कोण? धूळ, रंगाचा थेंब आणि कुंभारीण माशी. भिंतीवर चिखलाची घरटी करणारी ती माशी विमानाच्या कुठल्याही भोकात सुखानं संसार थाटते. वेग मोजणाऱ्या नळीतसुद्धा. म्हणून त्या नळीला टोपी घालतात आणि उडण्यापूर्वी ती आठवणीनं काढतात.

उंदीर हा दुसरा पाहुणा. पंखातली अंधारी, कोरडी जागा त्याला फार आवडते. तो कापड कुरतडतो ते दिसतं तरी. त्याच्या मुतानं आतला धातू खाल्ला जातो ते दिसत नाही.

आता एक चूक, जी चांगल्या मनानं केली जाते. पाऊस आला म्हणून विमानावर प्लॅस्टिकची ताडपत्री घट्ट बांधून टाकायची. दुपारी ऊन पडलं की आत वाफ धरते, रात्री तिचं पाणी होतं, आणि विमान स्वतःच्याच घामात भिजत राहतं. त्यात वारा सुटला की ताडपत्री फडफडते आणि कापडावर कानशीसारखी घासते. चंदेरी थर तिथेच जातो. आच्छादन हवं, पण हवा जाऊ देणारं, आतून मऊ, अंगाबरोबर बसणारं आणि स्वच्छ. आच्छादनाखाली वाळूचे कण राहिले तर पॉलिश पेपरच गुंडाळल्यासारखं होतं.

पावसाळ्यात कापडाचं काम काढत नाहीत, त्यालाही कारण आहे. डोप वाळताना त्यातलं द्रावण उडून जातं आणि पृष्ठभाग थंड पडतो. हवा दमट असेल तर त्यावर बाष्प धरतं आणि डोपवर पांढरे ढग उमटतात. ते फक्त डाग नसतात. तिथला थरच कच्चा राहिलेला असतो.

गारपीट

नाशिकमध्ये राहून गारांचा विषय टाळता येणार नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट निफाड-दिंडोरीकडे कुणी विसरलेलं नाही. गारेनं कापड फाटलं तर ते निदान दिसतं. फसवी असते ती न फाटलेली जागा. गार आपटते, कापड आत दबून परत वर येतं, आणि डोपच्या थरावर गोल गोल रेघा उमटतात. इंग्रजीत या रेघांना चक्क गजकर्णाचं नाव आहे, दिसतातही तशाच. आज तिथे काही होत नाही. पण त्या गोल रेघेतून पुढचे सहा महिने ऊन आत जात राहतं. म्हणून गारपिटीनंतर कापडावर तिरपा उजेड टाकून इंच न् इंच बघायचं आणि रेघ दिसली की थर दुरुस्त करायचा.

घाईची किंमत

हे सगळं वाचून ‘इतकं काय त्यात, दिसतंय तर चांगलं’ असं वाटत असेल, तर आर-१०१ ची गोष्ट ऐका. ब्रिटिशांचं हे प्रचंड हवाई जहाज, कापडी आवरणाचं. ते भारताकडे निघालं होतं, कराचीला. तेव्हा कराची मुंबई इलाख्यात होतं. त्याचं आवरण हवेनं आधीच कमजोर झालं होतं. १९३० च्या जूनमध्ये ते नुसतं खांबाला बांधून ठेवलेलं असताना कापडाला १४० फूट लांब चीर गेली होती. बरंच कापड बदललं, काही ठिकाणी आतून पट्ट्या चिकटवल्या. पण त्या चिकटद्रवाचं डोपशी पटलं नाही आणि तिथलं कापड उलट ठिसूळ झालं. निघायची तारीख मात्र ठरली होती. ४ ऑक्टोबरच्या संध्याकाळी वादळी हवेत जहाज निघालं आणि मध्यरात्रीनंतर फ्रान्समध्ये कोसळलं. ५४ जणांपैकी ४८ गेले. चौकशीत जी शक्यता पुढे आली ती अशी की, पुढच्या भागाचं आवरण फाटलं आणि तिथल्या पिशव्यांतला वायू निसटला.

ते कापड हवेत फाटलं असेलही. पण त्याची ताकद गेली होती ती जमिनीवर, महिनोन् महिने, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

नाशिकच्या हवेत कापडी विमान: वर्षाचं वेळापत्रक

फेब्रुवारी-मार्च: गारांचे दिवस. विमान छपराखालीच. बाहेर थांबावंच लागलं तर पंख आणि शेपूट दोरानं जमिनीला पक्कं बांधायचं, कारण अवकाळीच्या आधी वारा येतो.

एप्रिल-मे: सावली हेच औषध. पूर्ण हँगर नसेल तर निदान वर छप्पर. कॉकपिटच्या पारदर्शक काचेला, जी खरं तर ॲक्रिलिकची असते, मऊ आच्छादन. ती कोरड्या फडक्यानं कधीच पुसायची नाही. आधी पाणी, मग फडकं. नाहीतर धूळच काचेवर चरे पाडते.

जून ते सप्टेंबर: निचऱ्याची भोकं दर आठवड्याला. उघडीप मिळाली की हँगरची दारं उघडून वारा खेळू द्यायचा. तपासणीच्या झाकणातून आत बॅटरी मारून बघायचं आणि नाकानंही तपासायचं. कोंदट वास आला तर ओल कुठेतरी आहे.

ऑक्टोबर-नोव्हेंबर: हवा कोरडी पडली की कापडाची आणि डोपची कामं. तपासणी, पट्ट्या, ठिगळं, चंदेरी थर.

डिसेंबर-जानेवारी: निफाडची थंडी आणि दव. सकाळी पंखांवरचं दव मऊ फडक्यानं पुसूनच उडायचं. धुताना सौम्य साबण आणि भरपूर पाणी. पेट्रोल किंवा थिनरचं फडकं कापडाला लावायचं नाही, डोप विरघळतो.

चौकट १: गच्चीवर करून बघा

सिमेंटची किंवा धान्याची जुनी प्लॅस्टिकची विणलेली गोणी घ्या. एकसारख्या तीन पट्ट्या कापा, इंचभर रुंद. पहिली कपाटात ठेवा. दुसरी गच्चीवर उन्हात बांधा. तिसरी स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून तिच्याच शेजारी बांधा. मार्चमध्ये सुरू करून मे अखेरीस तिन्ही उतरवा. प्रत्येकीला बादली अडकवून त्यात मगानं मोजून पाणी ओता. कुठली पट्टी किती मगांना तुटते ते लिहून ठेवा. दुसरी आणि तिसरी एकाच गच्चीवर होत्या. त्यांच्यातला फरक म्हणजे विमानाचा चंदेरी थर.

चौकट २: यातलं काम करायचंय?

विमान देखभालीचा परवाना डीजीसीए देतं. बारावीला भौतिक, रसायन आणि गणित असलेल्यांना हा रस्ता खुला आहे. मान्यताप्राप्त संस्थेतून प्रशिक्षण, मॉड्यूलच्या परीक्षा आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव, असा तो आहे. पिस्टन इंजिनाच्या छोट्या विमानांसाठी बी१.२ हा वर्ग आहे. साहित्याविषयीच्या सहाव्या मॉड्यूलमध्ये लाकडी सांगाडा आणि कापडी आवरण हे विषय आजही आहेत. बरीच मुलं ते ‘जुनं’ म्हणून सोडून देतात. पण कापड चढवणारे हात आता कमी आहेत आणि जुनी विमानं जपणारे लोक त्यांना शोधत असतात.

कोपऱ्यावरची तारीख

जानोरीच्या त्या काकांकडे निघताना एक गोष्ट दिसली. नव्या पेपरच्या आतल्या कोपऱ्यात, सहज नजर जाणार नाही अशा जागी, काळ्या मार्करनं तारीख लिहिली होती. विचारलं तर म्हणाले, ‘दिसायला चांगला दिसतो म्हणून एक वर्ष जास्त ठेवला, तेव्हाच घात झाला होता. सगळे गुलाब भिजले. आता डोळ्यावर भरवसा नाही. तारीख बघतो, हातानं ओढून बघतो आणि फाटायच्या आधी बदलतो.’

प्रत्येक विमानाला लॉगबुक असतं. कापडी विमानाच्या लॉगबुकात एक नोंद हमखास असते, कापड कधी चढवलं त्याची. त्याखाली मग दर तपासणीची तारीख, कुठे टोचून पाहिलं, किती दाब पेलला. उडण्याआधी वैमानिक विमानाभोवती एक फेरी मारतो, पंखाच्या कापडावर बोटांनी टिचकी मारतो आणि कान देतो. ढोलकी नीट वाजली तर पुढची फासळी. बद्द आवाज आला, तर त्या दिवशी विमान हँगरमध्येच राहतं.